जपानांतील गुप्त ख्रिस्ती मंडळी

छळ हा शब्द कानीं पडतांच रोमचें रंगण, भुकेले सिंह आणि पेटलेल्या चिता आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. शाळेंतील मुलांना विचारिलें तर तींही हेंच सांगतात, आणि शब्बाथशाळेंतील भिंतीवरच्या रंगीत चित्रांतही हेंच असतें. हें कांहीं खोटें नाहीं. परंतु ख्रिस्ती मंडळीनें आजवर जें सोसलें त्याचा हा अगदीं लहानसा भाग आहे. एका दुपारीं आटोपून जाणाऱ्या छळाहून निराळा असा एक छळ असतो. तो नोंदवहीच्या पानांतून होतो, शेजाऱ्यांच्या जामिनकीनें होतो, दर वर्षीं ठरलेल्या दिवशीं दाराशीं येतो, आणि बापाच्या मागून मुलाच्या वांट्यास जातो. अशा छळांत विश्वास कसा टिकून राहतो हें समजून घ्यावयाचें असेल तर जपान देशांतील नागासाकी प्रांताकडे पाहावें. तेथें सुमारें अडीचशें वर्षें एक मंडळी पाद्र्यावांचून, मंदिरावांचून व उघड प्रार्थनेवांचून राहिली. तिची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या हकीकतीचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यावर येऊन पोंचतो. इ. स. १५४८ त अंजिरो नांवाच्या एका जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा गोव्यांत झाला, आणि पुढच्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर जपानच्या दक्षिणेस कागोशिमा येथें उतरला. तेथून पुढें साठ-पासष्ट वर्षांत ह्या धर्माचा प्रसार इतका झाला कीं, सतराव्या शतकाच्या आरंभीं जपानांत अजमासें तीन लाख ख्रिस्ती होते असें मानितात. ही मंडळी रोमन कॅथॉलिक पंथाची होती. आपणां प्रॉटेस्टंट लोकांस त्यांच्या कांहीं चाली परक्या वाटतील. पण ज्याच्यासाठीं त्यांनीं सोसलें तो प्रभु परका नाहीं.

तथापि ह्या प्रसाराची सर्वच बाजू उजळ होती असें मात्र समजूं नये. क्यूशू बेटांतील कित्येक सरदारांना धर्मापेक्षां पोर्तुगीज गलबतांवरील मालाची ओढ अधिक होती. ओमुरा सुमितादा नामक सरदारानें १५६३ त बाप्तिस्मा घेतला. पुढें १५७४ त त्याच्या मुलखांतील बौद्ध व शिंतो देवालयें मोडण्यांत आलीं आणि प्रजेवर ख्रिस्ती होण्याची सक्ती झाली. पोर्तुगीज व्यापारी जपानी स्त्रीपुरुषांस गुलाम म्हणून विकत घेऊन परदेशीं नेत, हेंही खरें आहे, आणि जपानी राज्यकर्त्यांस त्याचा रास्त संताप होता. छळाची हकीकत सांगतांना छळणारांचीं कारणें लपवून ठेवणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. आपल्या शेजारीं गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां, इन्क्विझिशनचें न्यायासन चालू होतें. तेव्हां हें हत्यार ख्रिस्ताचें नांव घेणारांच्याही हातीं आलेलें आहे, एवढें मनांत ठेवून पुढें वाचावें.

१५८७ त जपानचा सर्वाधिकारी तोयोतोमी हिदेयोशी ह्यानें परदेशी पाद्र्यांनीं देश सोडून जावें असें फर्मान काढिलें, पण व्यापार बुडेल ह्या भीतीनें त्याची अंमलबजावणी ढिली राहिली. पुढें १५९६ त सान फेलिपे नांवाचें एक स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्याच्या मालाविषयीं तंटा माजला आणि पाद्री हे परकीय राजाचे पुढारी हेर आहेत असा संशय बळावला. हिदेयोशीनें क्योतो व ओसाका येथील कांहीं ख्रिस्ती लोकांस पकडून त्यांच्या कानाचा तुकडा कापविला आणि भर हिंवाळ्यांत त्यांस पायीं नागासाकीस नेण्याचा हुकूम केला. वाटेंत आणखी दोघे त्यांत मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस वधस्तंभावर देऊन भाल्यांनीं मारण्यांत आलें.

ह्या सव्वीसांपैकीं एक आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज बाप व येथील आई ह्यांचा मुलगा, १५५६-५७ च्या सुमारास वसईस जन्मला. तरुणपणींच तो जेसुइट पाद्र्यांबरोबर जपानास गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, पुढें कांहीं काळ व्यापार करून अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत बंधु म्हणून शिरला, आणि १५९३ त दुभाषा होऊन पुन्हां जपानांत आला. हिदेयोशीपुढें बोलणें करणारा तोच. १८६२ त रोमच्या पोपनें ह्या सर्वांस संत म्हणून जाहीर केलें, आणि वसईंतील एका महाविद्यालयास आज गोन्सालोचें नांव आहे. त्याच टेकडीवर तीन मुलेंही मेलीं. त्यांत सर्वांत धाकटा लुदोविको इबाराकी बारा वर्षांचा होता. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी आपल्या बापासह वधस्तंभावर गेला. वाटेंतून त्यानें आईस पत्र लिहिलें होतें, आणि त्यांत धाकट्या भावांस जपण्याविषयीं तिला विनविलें होतें. पत्र लिहिण्यास आळस करणाऱ्या आमच्या वसतिगृहांतील मुलांनीं हें वाचून ठेवावें.

इथपर्यंतची हकीकत रोमच्या चित्रांसारखीच आहे. निराळेपण पुढें येतें.

हिदेयोशीनंतर तोकुगावा घराण्याकडे सत्ता गेली. ह्या घराण्यानें १६१४ त सर्व देशभर ख्रिस्ती धर्माची बंदी केली. आरंभीं अधिकारी लोकांस ठार मारीत. १६२२ च्या सप्टेंबरांत नागासाकीस एकाच दिवशीं पंचावन्न जणांचा वध झाला. पण तेथें हजारों लोक प्रार्थना म्हणत जमले, आणि रक्तसाक्षी पाहून मंडळी भ्यावयाच्या ऐवजीं धीट होते हें अधिकाऱ्यांच्या लक्षांत आलें. तेव्हां त्यांनीं धोरण बदललें. मारण्यापेक्षां नाकबूल करावयास लावणें त्यांना अधिक उपयोगाचें वाटूं लागलें. माणसास खड्ड्यावर उलटें टांगीत, एक हात मोकळा ठेवीत, आणि त्यानें हात हालविला म्हणजे त्यानें धर्म सोडला असें समजून वर काढीत. १६३३ च्या ऑक्टोबरांत अशाच रीतीनें टांगलेल्यांमध्यें दोघे असे होते कीं, त्यांची जोडी इतिहासानें कायमची बांधून ठेविली आहे. एक क्रिस्तोव्हांव फेरेरा, जेसुइट पंथाचा जपानांतील मुख्य अधिकारी, विद्वान् व वीस वर्षांहून अधिक काळ तेथें श्रमलेला. त्यानें थोड्या तासांनंतर हात हालविला, व पुढें तो सरकारच्या चाकरीस राहिला. दुसरा नाकाउरा जुलियान, साठी ओलांडलेला जपानी पाद्री. तो लहानपणीं चार जपानी मुलांच्या वकिलातींतून गोव्यावरून रोमपर्यंत जाऊन आलेला होता. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मरण पावला, पण त्यानें हात हालविला नाहीं. बाहेरून पाहणारास आधीं कोण खचेल हें कधींच सांगतां आलें नसतें.

१६३७-३८ त शिमाबारा येथें जड करांनीं गांजलेल्या शेतकऱ्यांनीं बंड केलें. त्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते, आणि हारा किल्ला पडल्यावर सरसकट कत्तल झाली. त्यानंतर १६३९ त पोर्तुगीजांस देशाचीं दारें बंद झालीं. राहिलेले थोडे पाद्री पकडले जाऊन संपले, आणि जपानांत ख्रिस्ती धर्म उरला नाहीं असें बाहेरच्या जगास वाटूं लागलें.

सरकारला मात्र तसें वाटत नव्हतें, म्हणून त्यानें जी यंत्रणा उभारली ती विद्यार्थ्यांनीं नीट पाहावी. प्रत्येक कुटुंबानें एखाद्या बौद्ध मंदिराच्या वहींत आपलें नांव घालावें, आणि हा माणूस ख्रिस्ती नाहीं असा दाखला भिक्षूकडून दर वर्षीं मिळवावा, असा कायदा झाला. जन्म, लग्न, स्थलांतर व मरण ह्या सर्वांस हा दाखला लागे. पांच पांच घरांचा एकेक गट केला होता. एका घरांत ख्रिस्ती निघाला तर पांचही घरें दोषी. चव्हाट्यावर फळ्या लावलेल्या असत. पाद्र्यास धरून देणारास रुप्याचीं पांचशें नाणीं, पंथाच्या बंधूस किंवा धर्म सोडून पुन्हां त्यांत शिरलेल्यास धरून देणारास तीनशें, साध्या ख्रिस्ती माणसास शंभर, असे दर सतराव्या शतकाच्या अखेरीच्या फळ्यांवर लिहिलेले होते. सरकारला सैन्य ठेवावें लागलें नाहीं. शेजारी पुरेसा होता.

ह्या सर्वांवर कडी म्हणजे चित्र तुडविण्याची चाल. हिला जपानींत फुमि-ए म्हणत. नागासाकींत १६२८-२९ च्या सुमारास ती सुरू झाली. ख्रिस्ताचें किंवा मरियेच्या मांडीवरील बालकाचें चित्र जमिनीवर ठेवीत आणि नववर्षाच्या पहिल्या महिन्यांत गांवांतील प्रत्येकानें वहींतील नांवाच्या क्रमानें येऊन त्यावर पाय द्यावयाचा असे. तान्ह्या मुलाचा पाय आईनें टेकवावयाचा, आजारी माणसाच्या अंथरुणाशीं चित्र न्यावयाचें. आरंभीं कागदाचीं चित्रें होतीं, तीं फाटूं लागलीं म्हणून लांकडी फळ्यांत बसविलेलीं केलीं. तींही पुरेनात, तेव्हां १६६९ त नागासाकीच्या अधिकाऱ्यानें वीस पितळी फलक ओतवून घेतले. आजूबाजूचे सरदार ते उसने नेत. त्यांपैकीं एकोणीस तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत, आणि त्यांवरील मुखें झिजून गुळगुळीत झालीं आहेत.

इतक्या पहाऱ्यांत ही मंडळी राहिली तरी कशी? उराकामी खोरें, सोतोमेचा किनारा, गोतो व इकित्सुकी हीं बेटें, अशा गरीब शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या वस्त्यांत ती राहिली. पाद्री येणार नाहींत हें कळून चुकल्यावर लोकांनीं आपसांतच कामें वांटून घेतलीं. एकजण पंचांग ठेवणारा. कोणत्या दिवशीं उपवास, कोणत्या दिवशीं सण, कोणत्या दिवशीं शिवण किंवा शेतकाम वर्ज्य, हें तो मोजून सांगे. दुसरा पाणी देणारा, म्हणजे बाप्तिस्मा करणारा. बाप्तिस्मा कोणीही ख्रिस्ती माणूस करूं शकतो हें पूर्वीच्या पाद्र्यांनीं शिकवून ठेविलें होतें, आणि तेवढ्या एका शिक्षणानें पुढल्या सात पिढ्या तारल्या. तिसरा निरोप्या; तो घरोघर जाऊन हे दिवस कळवी. प्रार्थना लिहून ठेवणें धोक्याचें, म्हणून त्या तोंडपाठ. त्यांत लॅटिन व पोर्तुगीज शब्द इतके घांसले गेले कीं पुष्कळांचा अर्थ म्हणणारासही सांगतां येईना. तरी मुलें त्या पाठ करीत राहिलीं. घरांत बालक घेतलेल्या कान्नोन देवतेची पांढरी मूर्ति ठेवीत. येणाराजाणारास ती बौद्धांची दिसे, घरच्यांस मात्र ती मरिया वाटे. कोणी मेलें तर भिक्षूस बोलवावेंच लागे. तो सूत्रें म्हणत असतां शेजारच्या खोलींत किंवा शेजारच्या घरीं मंडळींतील एकजण हळू आवाजांत आपल्या प्रार्थना म्हणत बसे. प्रभुभोजन नव्हतें. पवित्र शास्त्राची प्रत नव्हती. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं पवित्र शास्त्राच्या तीन प्रती धूळ खात असतील, त्यांनीं ह्याचा विचार करावा.

आणि दर वर्षीं हीच माणसें गांवच्या मुख्याच्या अंगणांत जाऊन चित्रावर पाय ठेवीत.

एका वर्गांत ही हकीकत मीं सांगितली तेव्हां एका मुलानें उठून विचारिलें, "सर, चित्र तुडविलें तर तो ख्रिस्ती कसला? दानीएल तर सिंहांच्या गुहेंत गेला कीं!" प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणें भाग होतें. तें येथें थोडें विस्तारानें देतों, कारण पालकांच्याही मनांत हीच शंका येईल.

पहिली गोष्ट अशी कीं, आम्हीं केलें तें योग्य असें ह्या लोकांनीं कधींच म्हटलें नाहीं. १६०३ त, पाद्री अजून देशांत असतांना, पश्चात्तापाविषयीं एक लहानसें जपानी पुस्तक तयार झालें होतें. पापकबुली ऐकावयास पाद्री नसेल तेव्हां माणसानें अंतःकरणापासून पश्चात्ताप करून देवाकडे कसें वळावें, हा त्याचा विषय. गुप्त मंडळींत हें पुस्तक हातानें नकलून व पाठ करून जतन झालें. चित्र तुडवून घरीं परत आल्यावर कुटुंब दार लावून गुडघे टेकी आणि ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणे. म्हणजे वर्षाच्या आरंभाचा त्यांचा खरा विधि अधिकाऱ्याच्या अंगणांत नव्हता, घरांत होता. ज्याला आपण पाप केलें असें दर वर्षीं वाटतें आणि तें वाटणें जो मुलांसही शिकवितो, त्यानें धर्म सोडला असें मला म्हणवत नाहीं.

दुसरी गोष्ट पांच घरांच्या गटाची. दानीएलानें नकार दिला तेव्हां गुहेंत तो एकटा गेला. उराकामीच्या शेतकऱ्यानें नकार दिला तर त्याच्याबरोबर शेजाऱ्याचें दूधपितें मूलही जाणार होतें. आपला जीव देण्याचा अधिकार माणसाला असेल. शेजाऱ्याचा देण्याचा आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर मुलांनीं घाईनें देऊं नये. जे त्या अंगणांत पाय आंखडून उभे राहिले व मेले, ते ह्या तुडविणारांहून थोरच. पण मंडळी ज्यांनीं पुढें नेली त्यांच्यांत हे तुडविणारेच अधिक होते, आणि त्यांच्यावांचून पुढची गोष्ट घडलीच नसती.

हा वाद नवाही नाहीं. इ. स. २५० च्या सुमारास रोमचा बादशहा देकियुस ह्यानें सर्वांनीं देवांस बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढिला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं अर्पण केलें, कित्येकांनीं पैसे देऊन खोटे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले, तेव्हां त्यांस आंत घ्यावें कीं नाहीं ह्यावरून मंडळींत मोठी फूट पडली. कार्थेज येथील बिशप सिप्रियन स्वतः पुढें रक्तसाक्षी झाला. तरी ज्यांनीं खरा पश्चात्ताप केला त्यांस योग्य प्रायश्चित्तानंतर घ्यावें, ह्या बाजूचा तो होता. जो स्वतः कडक असतो तो दुसऱ्याशीं कडक वागतोच असें नाहीं. आणि प्रभूच्या अटकेच्या रात्रीं अंगणांत शेकोटीशीं बसलेल्या पेत्रानें काय केलें, व नंतर त्याच पेत्रावर मेंढरें राखण्याचें काम कोणी सोंपविलें, हें तर आपण सर्व जाणतोंच.

आतां पुढची गोष्ट. १८५४ नंतर जपानचीं बंदरें परकीयांस खुलीं होऊं लागलीं, आणि १८५८ च्या तहान्वयें परदेशी लोकांस आपल्यापुरती उपासना करण्याची मोकळीक मिळाली. नागासाकींत त्या सुमारासच चित्र तुडविण्याची चाल बंद झाली. जपानी प्रजेवरील धर्मबंदी मात्र कायम होती. फ्रेंच पाद्र्यांनीं ओउरा भागांत एक लांकडी मंदिर बांधून तें त्या सव्वीस रक्तसाक्षींच्या नांवें १८६५ च्या फेब्रुवारींत अर्पण केलें. लोक तें नवलाईनें पाहावयास येत. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं दहा-पंधरा स्त्रीपुरुषांचा एक जमाव दाराशीं उभा असलेला बर्नार पतीजां ह्या पाद्र्यास दिसला. त्यानें दार उघडलें. ते आंत आले, व तो प्रार्थनेस बसला असतां त्यांच्यांतील एक बाई जवळ येऊन, छातीवर हात ठेवून, हळूच म्हणाली कीं आमचें व तुमचें अंतःकरण एकच आहे; आणि मरियेची मूर्ति कोठें आहे असें तिनें विचारिलें. ते उराकामीचे शेतकरी होते.

पतीजांला त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत विलक्षण वाटते. सध्यां दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे, असें ते म्हणाले. त्या वर्षीं भस्माचा बुधवार १ मार्च रोजीं आला होता. तेव्हां १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस. दोनशें वर्षांहून अधिक काळ छापील पंचांग नाहीं, पाद्री नाहीं, बाहेरच्या जगाशीं निरोपाची देवघेव नाहीं. आणि एका खोऱ्यांतील शेतकऱ्यांचा हिशेब एका दिवसानेंही चुकला नव्हता. पंचांग ठेवणाऱ्या किती अनामिक माणसांनीं रात्रीं दिवा झांकून हे दिवस मोजले असतील!

सांपडल्याचा आनंद फार काळ टिकला नाहीं. उराकामीच्या लोकांनीं आतां लपणें सोडलें. १८६७ त त्यांनीं आपल्या मयतांस भिक्षूस न बोलावतां मूठमाती दिली आणि मंदिराचा दाखला आम्हांस नको असें अधिकाऱ्यांस सांगितलें. त्या जुलै महिन्यांत मध्यरात्रीं धाड पडून अडुसष्ट जण पकडले गेले. मारहाण सुरू झाल्यावर एक ताकागी सेन्एमोन सोडून बाकीच्या सर्वांनीं धर्म सोडल्याची कबुली दिली. ते सुटून घरीं आले, तेव्हां कित्येकांच्या घरच्या माणसांनीं त्यांस आनंदानें घेतलें नाहीं. कांहीं दिवसांनीं त्यांपैकीं पुष्कळजण आपल्या पायांनीं गांवच्या मुख्याकडे परत गेले आणि आमची कबुली मागें घेतों असें म्हणाले. मार कसा असतो हें आतां त्यांस ठाऊक होतें. पहिल्या वेळीं नव्हतें.

१८६८ त तोकुगावांचें राज्य जाऊन मेइजी बादशहाचें सरकार आलें. तें सुधारणावादी होतें, पण धर्मबंदीची फळी त्यानेंही नव्यानें लिहून लावली. प्रथम पुढारी व मग १८७० च्या आरंभीं बाकीचें सर्व गांव, मिळून सुमारें ३,४०० माणसें, वीसेक निरनिराळ्या ठिकाणीं हद्दपार करण्यांत आलीं. त्सुवानो येथें त्यांस तीन फुटी पिंजऱ्यांत कोंडीत व हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांत बुडवीत. तेथें पाठविलेल्या १५३ जणांपैकीं तिसांहून अधिक मेले. ह्याच सुमारास गोतोच्या हिसाका बेटांत सुमारें दोनशें ख्रिस्ती लोक जेमतेम वीस चौरस मीटर जागेंत आठ महिने कोंडून ठेविले होते. त्यांत बेचाळीस जण दगावले. हद्दपार झालेल्यांपैकीं एकंदर सहाशेंहून अधिक माणसें परत आलीं नाहींत. पुष्कळांनीं मध्येंच धर्म सोडला, हेंही नमूद केलें पाहिजे. ह्या हद्दपारीस उराकामीचे लोक "प्रवास" म्हणत. माझ्या मतें हा शब्द त्यांनीं सहज वापरला. त्यांस कांहीं मोठें बोलावयाचें नव्हतें.

त्या सुमारास जपानी सरकारचें एक शिष्टमंडळ इवाकुरा ह्याच्या पुढारीपणाखालीं अमेरिका व युरोप फिरत होतें. तहांत फेरफार करून घ्यावे हा त्याचा उद्देश; पण जेथें जावें तेथें ह्या हद्दपारीबद्दल बोलणीं ऐकावीं लागत. अखेर २४ फेब्रुवारी १८७३ रोजीं चव्हाट्यावरील बंदीच्या फळ्या काढण्याचा हुकूम सुटला. धर्मस्वातंत्र्य कायद्यानें मिळावयास १८८९ ची राज्यघटना यावी लागली.

लोक परत आले तों घरें ओस, शेतें दुसऱ्यांच्या ताब्यांत, भांडींकुंडीं नाहींशीं झालेलीं. १८७४ त तेथें आमांशाची सांथ पसरली. हद्दपारींतून परतलेली इवानागा माकी ही पंचविशींतील तरुणी व तिच्या मैत्रिणी आजाऱ्यांच्या शुश्रूषेस लागल्या. सांथींत पोरकीं झालेलीं मुलें त्यांनीं सांभाळावयास घेतलीं. त्यांस राहावयास कोठार दिलें तें ताकागी सेन्एमोननें. ज्यांनीं मार खाऊन कबुली दिली ते व ज्यानें दिली नाहीं तो, सर्व एकाच मंडळींत बसूं लागले.

सर्वच गुप्त ख्रिस्ती मात्र नव्या पाद्र्यांकडे गेले नाहींत. इकित्सुकी व इतर ठिकाणचे कित्येक आपल्या आजापणजाच्या प्रार्थना सोडून नव्या प्रार्थना शिकावयास तयार झाले नाहींत, व निराळेच राहिले. त्यांस हट्टी म्हणणें सोपें आहे. ज्या शब्दांसाठीं इतकें सोसलें ते शब्द चुकीचे उच्चारलेले आहेत असें कोणी परक्यानें येऊन सांगितलें, तर आपणां स्वतःस तरी काय वाटलें असतें? २०१८ त युनेस्कोनें ह्या मंडळीचीं गांवें व ओउराचें मंदिर जागतिक वारशांत नोंदविलीं, तोंवर जुन्या रीतीनें प्रार्थना म्हणणारे अगदीं थोडे उरले होते.

उराकामीच्या लोकांस आपलें मंदिर बांधावयाचें होतें. गांवचा मुखी, आपण ज्यास पाटील म्हणूं, त्याचा वाडा व जमीन विक्रीस निघाली तेव्हां १८८० त त्यांनीं ती विकत घेतली. १८९५ त बांधकामास आरंभ झाला. विटा शेतकऱ्यांनीं स्वतः वाहिल्या, पैसा पुरेना म्हणून काम कितीदां थांबलें, आणि १९१४ त मंदिर पुरें झालें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब ह्याच खोऱ्यावर पडला. मंदिर कोसळलें आणि तेथील सुमारें बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकीं साडेआठ हजार मेले. १९५९ त तें पुन्हां उभारलें गेलें. कांहींनीं दुसरी जागा सुचविली होती, पण मंडळी त्याच जागेस धरून बसली. त्याच अंगणांत त्यांचे बापजादे दर वर्षीं वहीच्या क्रमानें येऊन चित्रावर पाय ठेवीत असत.